सुट्टीतला ख्रिस्ती

जानेवारीत एचआरकडून वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी आली की ऑफिसात सगळ्यात आधी काय होतं? हातातली कामं बाजूला ठेवून सगळे कॅलेंडर उघडून बसतात. कोणता सण शुक्रवारी येतोय, कोणता सोमवारी, मध्ये एक रजा टाकली की सलग चार दिवस कसे मिळतात... रिलीज प्लॅनिंगलासुद्धा कोणी इतकं डोकं लावत नाही. मीही नाही, खोटं कशाला बोला :-)

या यादीकडे बघताना गेली काही वर्षं एक गोष्ट मनात घोळतेय. आज ती एकदाची लिहून टाकतो. माझं म्हणणं असं की आपल्यासारख्या शहरी, नोकरदार ख्रिस्ती माणसाची भक्ती कामाच्या रगाड्यात मोडत नाही. ती मोडते सुट्टीत.

इथे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत याची कल्पना आहे. त्यांनी 'प्रार्थना'च्या जागी आपापलं काही घालावं, हरिपाठ, रियाज, काहीही. बरंचसं गणित तसंच सुटेल असं वाटतं.

आता हे उलटं वाटेल. कामात वेळ नसतो, सुट्टीत वेळच वेळ असतो. मग भक्ती सुट्टीत वाढायला हवी ना? कागदावर हो. प्रत्यक्षात आजूबाजूला बघा. माझा एक मित्र रोज चिंचवडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो. बसमध्ये बसलं की इअरफोन लावायचे, पण गाणी लावायची नाहीत, डोळे मिटायचे. लोकांना वाटतं झोपलाय. ती त्याची प्रार्थनेची वेळ. मुंबईतली एक मैत्रीण लोकलमध्ये खिडकी मिळो न मिळो, मोबाइलवर एक स्तोत्र वाचते. तिसरा एक जण सकाळच्या स्टँडअपच्या आधी पंधरा मिनिटं गाडीतच बसून शुभवर्तमान वाचतो. तिघांचंही व्यवस्थित चाललेलं असतं. रिलीज असो, क्लायंटची बोंबाबोंब असो, खंड नाही.

मग मे महिना येतो. बस नाही, लोकल नाही, स्टँडअप नाही. आणि प्रार्थनाही नाही.

कारण उघड आहे. प्रार्थना ऑफिसच्या खुंटीला टांगलेली होती. खुंटी काढली, सदरा खाली. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. रात्री दोन वाजता चालणारा एक जॉब दुसऱ्या जॉबवर अवलंबून असतो, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. पहिला बंद केला की दुसरा गुपचूप बंद पडतो. एरर येत नाही, मेल येत नाही. आठवड्याने कोणीतरी रिपोर्ट मागितल्यावर कळतं. भक्तीचंही तसंच. तिच्या बंद पडण्याचा आवाज होत नाही.

पण म्हणून सुट्टी वाईट का? अजिबात नाही. उलट ख्रिस्ती माणसाने सुट्टीबद्दल अपराधी वाटून घेणं मला चमत्कारिक वाटतं. आपल्यात काही मंडळी अशी असतात की आराम केला की त्यांना पाप केल्यासारखं होतं. त्यांनी बायबलचं पहिलंच पान पुन्हा वाचावं. सहाव्या दिवशी माणूस घडला आणि सातवा दिवस विश्रांतीचा. म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस कामाचा नव्हता, सुट्टीचा होता. अजून त्याने काही कमावलेलंही नव्हतं!

पुढे दहा आज्ञांमध्ये शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा येते. ती दोन ठिकाणी आहे, निर्गमाच्या २० व्या अध्यायात आणि अनुवादाच्या ५ व्या अध्यायात. गंमत अशी की दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. निर्गमात कारण आहे निर्मितीचं. देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी थांबला, म्हणून तुम्हीही थांबा. अनुवादात कारण आहे मिसरचं. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, देवाने तुम्हाला तिथून बाहेर काढलं, म्हणून थांबा. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येतं तो स्वतंत्र.

मराठीत हे फार छान कळतं. 'सुट्टी' आणि 'सुटका' दोन्ही 'सुटणे'मधूनच आलेत. सुट्टी म्हणजे सुटणं. आता प्रश्न एवढाच की कशातून सुटायचं? मिसरमधून की मिसरमधून सोडवणाऱ्यापासून? आपण बहुतेकदा दोघांनाही एकाच बॅगेत घालून घरी ठेवून निघतो.

आणि रविवारची सुट्टी आपल्याला फुकट मिळालेली नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांना उभं केलं आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. रविवार खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता. म्हणजे मी ज्या दिवशी आरामात चर्चला जातो, त्या दिवसामागे चर्चशी संबंध नसलेल्या एका माणसाची लढाई आहे. मला हे विसरायला आवडत नाही. दुसऱ्याच्या लढाईतून मिळालेला दिवस नुसता लोळण्यात घालवायचा, हे जरा स्वस्तात विकल्यासारखं वाटतं.

आता कॅलेंडरकडे येऊ, पण एचआरच्या नाही, चर्चच्या.

आपण काय करतो, तर ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळ म्हणून बऱ्यापैकी नेटाने पाळतो. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, हल्ली कोणी इन्स्टाग्राम. गुड फ्रायडेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. ईस्टरला नवे कपडे. आणि मग झालं, सुटलो! परीक्षा संपल्यासारखे सगळे गावाला, कोकणात, हिमाचलला. चर्च निम्मं रिकामं. गायकवृंदात दोन आवाज उरतात.

पण चर्चच्या दिनदर्शिकेत ईस्टर हा शेवट नाहीच. तिथून पन्नास दिवसांचा सण सुरू होतो, पेंटेकॉस्टपर्यंत. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो, त्यामुळे मे महिन्याचा निदान काही भाग दर वर्षी या सणातच पडतो. २०२५ साली तर ईस्टर २० एप्रिलला होता आणि पेंटेकॉस्ट ८ जूनला. अख्खा मे महिना सणाच्या आत! म्हणजे उपवास चाळीस दिवसांचा आणि आनंद पन्नास दिवसांचा, असा हिशेब जुन्या लोकांनी घालून दिलाय. आपण उपवास करतो आणि आनंदाच्या वेळी गैरहजर राहतो.

डिसेंबरचंही तेच. नाताळ सुरू होतो २५ तारखेला आणि तिथून पुढे बारा दिवस चालतो. त्याआधीचे चार रविवार वाट पाहण्याचे. पण मॉलमध्ये १ डिसेंबरलाच झाड उभं राहतं, ऑफिसात सीक्रेट सांता होतो, क्लायंटकडे कोड फ्रीझ लागतो आणि २६ तारखेला आपण गोव्याच्या वाटेवर. वाट पाहायची तेव्हा साजरं करून झालेलं असतं आणि साजरं करायचं तेव्हा दमलेले असतो.

मुद्दा असा की मोकळा वेळ आणि भक्ती यांचं भांडण चर्चने लावलेलं नाही. ते आपण लावलंय. आपल्या डोक्यात भक्ती कामाच्या खात्यात पडलीय. सुट्टी लागली की सगळ्या कामांबरोबर तीही बंद.

बायबलमध्ये मोकळ्या वेळाची एक गोष्ट आहे, सगळ्यांना माहीत असलेली. दावीद राजाची. दुसऱ्या शमुवेलाच्या ११ व्या अध्यायाची सुरुवात बघा. राजे लोक लढाईला निघायचे दिवस होते, दाविदाने सेनापती यवाबाला धाडलं आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठला, गच्चीवर फेऱ्या मारायला लागला. पुढचं ठाऊक आहे, बथशेबा आणि उरीयाचा खून. हाच दावीद शौलापासून रानोमाळ पळत होता तेव्हा त्याच्या तोंडी प्रार्थना होती. संकटाने त्याला पाडलं नाही. निवांत संध्याकाळीने पाडलं. त्याने विश्रांती घेतली हा दोष नाही. त्या मोकळ्या संध्याकाळी त्याच्याजवळ स्वतःशिवाय कोणी नव्हतं, हा आहे.

पण मला याहून जवळची वाटते ती दुसरी गोष्ट, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली. येशू बारा वर्षांचा. आईवडील दरवर्षीप्रमाणे वल्हांडण सणाला यरुशलेमेला गेलेले. सण आटोपून सगळा गाव परत निघाला. एक दिवसाची वाट चालून झाली आणि मग लक्षात आलं, पोरगा बरोबर नाहीये! बरोबरच्या लोकांत कुठेतरी असेल असं ते धरून चालले होते. नातेवाइकांत शोधलं, ओळखीच्यांत शोधलं, उलट फिरले, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला.

बघा ना, मरिया आणि योसेफ ही काही बेफिकीर माणसं नव्हेत. देवाधर्माच्याच प्रवासाला गेलेली. वाईट काहीच केलं नाही. फक्त धरून चालले, असेलच की सोबत. माझ्या मते सुट्टीतल्या ख्रिस्ती माणसाचं याहून अचूक वर्णन नाही. आपण देवाला नाकारत नाही, सोडत नाही. फक्त एक दिवसाची वाट त्याच्याशिवाय चालून जातो आणि आपल्याला कळतही नाही.

यावर मित्रांचे ठरलेले आक्षेप असतात. तेही घेऊ.

पहिला: "अरे, देव सगळीकडे आहे. समुद्रावर सूर्यास्त बघताना मला जेवढा देव जाणवतो तेवढा चर्चमध्येही नाही." मान्य. स्तोत्रं लिहिणाऱ्यांनाही आकाश बघून तेच वाटलं होतं. फक्त एक साधा प्रश्न विचारतो, सूर्यास्त बघून झाल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोललास का? की फोटो काढून ग्रुपवर टाकलास? देव सगळीकडे आहे हे खरं, पण 'सगळीकडे' या पत्त्यावर आपण फारसं कधी जात नाही. शिवाय सूर्यास्त काही मागत नाही. चर्चमध्ये शेजारी बसलेला माणूस खोकतो, बेसूर गातो, आजारी बायकोसाठी प्रार्थना करायला सांगतो. ख्रिस्ती भक्ती त्याच्यासकट आहे.

दुसरा: "वर्षभर मान मोडून काम केल्यावर चार दिवस काहीच करायचं नाही, एवढंही नको?" जरूर करा! एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झाडाखाली झोपला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर. झोप हीसुद्धा विश्वासाची गोष्ट आहे. मी आठ तास झोपलो तरी जग चालतं, हे मान्य करणं. पण चार दिवसांतले जागेपणाचे तास आपण 'काहीच न करण्यात' घालवतो का? सकाळी सातला पॉइंट, दहाला किल्ला, एकला अमुक ठिकाणची थाळी, चारला बोटिंग, मध्ये रील्स. काहीच न करणं सोडून सगळं करतो आपण.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे आणि तो कोणी माझ्याकडे घेतलेला नाही, मीच घेतो. ही सगळी चर्चा ज्यांना सुट्टी मिळते त्यांची आहे. ज्यांना मिळत नाही त्यांचं काय?

अनुवादातली ती आज्ञा पुन्हा वाचा. तिथे फक्त 'तू विश्रांती घे' एवढंच नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका, सगळ्यांची यादी आहे. आणि कारणही दिलंय की तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाजात गाढवाच्या रजेचा विचार झालाय! आपण रिसॉर्टला जातो तेव्हा आपल्याला घेऊन आलेला ड्रायव्हर रात्री कुठे झोपतो? गाडीतच ना? रविवारी सकाळी साडेसहाला चहा मागतो तेव्हा तो करणारा पोरगा कितीला उठलेला असतो? आपण गावाला गेलो म्हणून घरकामाच्या मावशींचे त्या दिवसांचे पैसे कापतो का? सुट्टीतल्या भक्तीची परीक्षा घ्यायची असेल तर मी बायबलवाचनाच्या आधी हे विचारीन. ड्रायव्हरसाठी खोली घेणं ही माझ्या मते शब्बाथ पाळण्याची अगदी सरळ रीत आहे. खर्च होतो, हो. म्हणून तर ती पाळणं म्हणायचं.

तसंच मागे राहणाऱ्यांचं. मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी शहरातल्या चर्चमध्ये कोण असतं ते बघा. म्हातारी माणसं, नर्सेस, वॉचमन, ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे ते, आणि नुकते गावाकडून नोकरीला आलेले, ज्यांना रजा लागू झालेली नाही ते. म्हणजे ज्यांना सोबतीची सगळ्यात जास्त गरज असते त्यांच्यासाठी चर्च सगळ्यात रिकामं. सगळ्यांनी घरी बसावं असं मी म्हणत नाही. पण निघण्याआधी एक फोन, आल्यावर एक भेट, एवढं तर जमतं.

बरं, मग करायचं काय? इथे एक धोका आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले लगेच एक्सेल शीट उघडतो. बायबलचे अध्याय ११८९, भागिले दिवस... नको! सुट्टीतल्या भक्तीचा प्रोजेक्ट केला की तिसऱ्या दिवशी बॅकलॉग होतो आणि पाचव्या दिवशी प्रोजेक्ट बंद. खुंटी बदलायची, एवढंच. ऑफिसच्या खुंटीवरून काढून सुट्टीतही असणाऱ्या खुंटीला टांगायचं. सुट्टीत काय असतंच? उठणं असतं, जेवण असतं, प्रवास असतो.

आमच्या घरात जे चालतं ते सांगतो, पटलं तर घ्या. सकाळचा पहिला चहा फोनशिवाय, आणि चहाबरोबर मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय मोठ्याने. मार्कचे अध्याय सोळाच. चार दिवसांच्या सुट्टीत रोज चार वाचले तर अख्खं पुस्तक होतं, आणि सलग वाचलं की ते गोष्टीसारखं पळतं. नाही झालं तर नाही झालं. प्रवासाला निघताना स्तोत्र १२० ते १३४ यांतलं एक. ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेच्या यात्रेकरूंची वाटेवरची गाणी समजली जातात. म्हणजे दिंडीतले अभंगच म्हणा ना! घाट चढताना डोंगराकडे बघून १२१ वं म्हणायला पोरांनाही मजा येते.

आणि रविवार जिथे उगवेल तिथलं चर्च. यासाठी महाराष्ट्र-गोव्यासारखी सोय नाही. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान इथे जुनी चर्चेस आहेत. अलिबागहून काशिदला जाताना वाटेत कोर्लई लागतं. किल्ला बघायला सगळे थांबतात, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून बोलली जाते, हे कितीजणांना माहीत असतं? गोव्यात तर बोम जेझू बॅसिलिकात फोटो काढायला रांग असते. फोटो काढा, पण दहा मिनिटं बाकावर नुसतं बसाही. भाषा कळली नाही तरी चालतं. अनोळखी गावात, अनोळखी माणसांबरोबर तीच प्रभूची प्रार्थना कोकणीत ऐकताना आपलं घर केवढं मोठं आहे ते कळतं.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतो? कारण एकच, घरातली पोरं.

अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडी नगरच. तिथल्या ख्रिस्ती घरांमध्ये मे महिना म्हणजे चुलत, आते, मामे भावंडांची फौज. रात्री जेवणं झाली की ओसरीवर सतरंजी पडायची, आजोबा पेटी काढायचे आणि ना. वा. टिळकांची भजनं सुरू व्हायची. कोणी टाळ वाजवतंय, कोणी पेंगतंय, कोणी चिमटे काढतंय. टिळकांना तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे येण्याची वाट सापडली म्हणतात, आणि आम्हाला ती त्या सतरंजीवर सापडली. माझ्या पिढीला जो काही विश्वास मिळाला तो रविवारच्या शाळेत कमी आणि सुट्टीतल्या त्या रात्रींत जास्त मिळाला. कारण तिथे कोणाला घाई नव्हती.

आता ती घरं बंद आहेत किंवा विकली गेलीत. भावंडं बंगळूरला, दुबईला, टोरांटोला. सतरंजी परत येणार नाही, त्याचं रडगाणंही गायचं नाही. पण मुलांचे डोळे आहेतच. वर्षभर ती आपल्याला घाईत प्रार्थना करताना बघतात. घाईत माणूस काय करतो यावरून त्यांना काही कळत नाही, कारण घाईत सगळे सवयीने वागतात. खरं कळतं ते सुट्टीत. हातात वेळ आहे, पैसा आहे, कोणाचा फोन येणार नाही, अशा वेळी आईबाबा काय निवडतात? काम सांगतं आपण काय करायला बांधलेलो आहोत. मोकळा वेळ सांगतो आपलं प्रेम कशावर आहे. मुलं हे बरोबर वाचतात आणि आपल्याला न सांगता लिहून ठेवतात.

आणि आपल्या स्वतःसाठीही. फक्त अडचणीत आठवणारा देव हळूहळू सपोर्ट डेस्क होतो. तिकीट टाकायचं, सुटलं की बंद करायचं. सपोर्ट डेस्कवरच्या माणसाबरोबर कोणी फिरायला जात नाही. काही मागायचं नसताना ज्याच्याशी बोलावंसं वाटतं तो मित्र. सुट्टीत आपल्याला बहुतेक काही मागायचं नसतं. म्हणूनच ती मैत्रीची वेळ.

तर पुढच्या लाँग वीकेंडची बुकिंग कराच, मीही करतोय. फक्त गाडी गावाबाहेर पडायच्या आत एकदा मागच्या सीटवर नजर टाका. सगळे आलेत ना? एक दिवसाची वाट चालून झाल्यावर शोधण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या घरी सुट्टीत काय चालतं? सांगा जरूर.